सीटमागचा घुमट

माझी नोकरी नाही, धंदा आहे. रात्री साखळीहून पिकअप घेऊन निघायचं, केरीवरून चोर्ला घाट चढायचा, कणकुंबी, जांबोटी करत बेळगाव गाठायचं, भाजी भरायची आणि त्याच वाटेने उतरून उजाडायच्या आत म्हापशाच्या बाजारात माल टाकायचा. आठवड्यातून चार रात्री तरी हेच. गाडी एकेरी केबिनची आहे, दोन दारं आणि मागे हौदा. शेजारी बहुतेक वेळा कुणीच नसतं. सोबत असते ती भजनांची.

आमच्या घरात भजन पिढ्यान् पिढ्या आहे. वाळवंटीच्या काठावर विठ्ठलापूरला विठ्ठलाचं देऊळ आहे, तिथल्या भजनांना मी चालायला लागल्यापासून जातो. काका घुमट वाजवतात, पखवाजही वाजवतात. त्यामुळे ठेका कसा वाजतो हे मी मांडीला मांडी लावून ऐकलेलं आहे. गाडीच्या दारांत कंपनीने दिलेले स्पीकर होते लहानसे. त्यात अभिषेकीबुवांचा आवाज यायचा, पेटी यायची, झांज तर नको तितकी यायची. पण पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून जो खोल आवाज काढतात, तो नाहीसाच. त्याच्या जागी नुसती टकटक. घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिन ओढत असलं की तीही ऐकू यायची नाही. आपण ज्या गाण्याच्या आधारावर रात्र काढतो, त्याचा पायाच कापून टाकलाय असं मला रोज वाटायचं. म्हणून सबवूफर, म्हणजे फक्त खालचे खोल स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायचं ठरवलं.

पहिल्यांदा मी जे केलं ते आधी सांगतो, कारण तसं बरेच जण करतात. एका दुकानात गेलो. तिथे तयार डबा होता, लांबट, सीटच्या मागे आडवा ठेवायचा. त्यात वूफर, सोबत ॲम्प, म्हणजे त्याला ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर, आणि वायरींचा संच. दुकानदार म्हणाला, तासाभरात बसवून देतो. दिलाही. सीट पुढे ओढून डबा मागे सरकवला, वायरी ओढल्या, झालं. दुकानाच्या दारात ऐकलं तेव्हा छाती हलली. मी खूश होऊन घरी आलो.

त्याच रात्री घाटात कळलं. डबा केबिनच्या पूर्ण रुंदीचा होता, म्हणजे माझ्याही सीटच्या मागे होता. माझ्या सीटची पाठ आता पूर्वीइतकी कलत नव्हती आणि सीट दोन खाचे पुढे आली होती. क्लच दाबताना गुडघा स्टीअरिंगखाली अडकायचा. केरीपासून चोर्ल्यापर्यंत वळणं मोजायला बसलो तर मोजून संपत नाहीत, आणि प्रत्येक वळणावर क्लच. चौथ्या दिवशी कंबर धरली. मालाच्या गाडीत चालकाची बसण्याची जागा ही पहिली, बाकी सगळं नंतर. हे मला आधी सुचायला हवं होतं. डबा घेताना मी फक्त डबा मावतो का एवढंच पाहिलं, डबा मावल्यावर मी मावतो का ते पाहिलं नाही.

तरीही मी तसाच चालवत राहिलो, पाऊस सुरू होईपर्यंत. आमच्याकडचा पाऊस काय असतो ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. केबिनच्या मागच्या काचेचं रबर थोडं सुकलं होतं, तिथून पाणी झिरपायचं आणि थेट डब्यामागे उतरायचं. वर आमचे ओले पाय, ओल्या छत्र्या, ओली पोती. जुलैत एक दिवस आवाज फाटल्यासारखा यायला लागला. डबा बाहेर काढला तर खालची कडा पावासारखी फुगलेली. बोटाने दाबली तर भुसा हातात आला. डबा एमडीएफचा होता. लाकडाचा बारीक लगदा चिकटवून केलेला तो तक्ता. कोरड्या जागी उत्तम, कापायला सरळ, पण पाणी लागलं की फुगतो आणि पुन्हा बसत नाही. कोपऱ्याचा सांधा उघडला होता आणि तिथून हवा फसफसत होती.

डबा काढला म्हणून वायरी पाहिल्या, आणि तेव्हा खरा घाम फुटला. बॅटरीकडून येणाऱ्या जाड तांबड्या वायरीचा फ्यूज ॲम्पजवळ लावला होता. म्हणजे बॅटरीपासून सीटखालपर्यंतची सगळी वायर फ्यूजशिवाय. फ्यूज हा वायर जळू नये म्हणून असतो. इंजिनाच्या पत्र्यातून वायर आत येते, तिथे थरथरीने तिचं वेष्टण घासून तांबं पत्र्याला लागलं, तर बॅटरीतला सगळा प्रवाह तिथेच वाहणार. मग फ्यूज दुसऱ्या टोकाला असून काय उपयोग? तो बॅटरीपासून हातभराच्या आत हवा, पुस्तकी माप १८ इंच, म्हणजे ४५ सेंमी. शिवाय वायर तांब्याची म्हणून दिली होती. ब्लेडने एक तार खरवडली तर वरचा तांबूस रंग गेला आणि आत चांदीसारखी पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या वायरीतून तेवढाच प्रवाह नेला तर ती जास्त तापते. तीन महिने मी ती वायर पायाखाली घेऊन घाट चढत होतो. ज्याने कुणी अशी जोडणी करून घेतली असेल त्याने आजच बॉनेट उघडून फ्यूज कुठे आहे ते बघावं. बाकी लेख वाचला नाही तरी चालेल.

मग सगळं मोडून नव्याने, स्वतः करायचं ठरवलं. गणेश चवथीच्या आधी पूर्ण करायचं होतं, कारण चवथीला माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाभाज्यांच्या, सामानाच्या फेऱ्या सुरू झाल्या की मला श्वास घ्यायला वेळ नसतो.

डब्याचा विचार करताना काकांशी बोललो. त्यांना हर्ट्झ, वॉट यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी घुमट आणला आणि माझ्या समोर धरला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: घुमट म्हणजे भाजलेल्या मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं. रुंद तोंडाला कातडं ताणलेलं, मागचं निमुळतं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत; घोरपड वन्यजीव कायद्याखाली संरक्षित असल्यामुळे आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. काकांनी उजव्या हाताने थाप मारली आणि डाव्या हाताचा तळवा मागच्या तोंडावर ठेवला. आवाज आखूड, घट्ट. तळवा काढून पुन्हा थाप मारली. आवाज मोकळा झाला, लांबला, मडक्याबाहेर येऊन खोलीत फिरला.

"कातडं तेच, थाप तीच," काका म्हणाले. "आवाज मडक्यातल्या हवेचा असतो रे."

वूफरच्या डब्याचं सगळं शास्त्र या दोन थापांत आहे. बंद डब्यात आतली हवा स्प्रिंगसारखी वागते, वूफरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, पुढेमागे गेला की त्याला परत ओढते. म्हणून आवाज घट्ट येतो. भोक ठेवलेल्या, म्हणजे पोर्टच्या डब्यात, त्या भोकातली हवा विशिष्ट स्वराला स्वतः डोलते आणि तिथे आवाज वाढतो. पण त्यासाठी हवा जास्त लागते आणि पोर्टची नळी लांब लागते. दहा इंची वूफरला पोर्टचा डबा करायचा तर एक घनफुटाच्या वर जागा हवी, वर नळीची जागा वेगळी. माझ्या सीटमागे तेवढी जागा नव्हती, आणि असती तरी मी बंद डबाच केला असता. त्याचं कारण केबिन.

खालचे स्वर लांब असतात. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, स्वराची एक लाट सुमारे ७ मीटर लांब. माझी केबिन आतून जेमतेम दीड मीटर रुंद. जेव्हा लाटेची अर्धी लांबीसुद्धा केबिनपेक्षा मोठी होते, तेव्हा लाट केबिनमध्ये फिरत नाही, केबिनमधली सगळी हवा एकदम दाबली आणि सोडली जाते. दीड मीटरच्या हिशेबाने हे साधारण ११५ हर्ट्झच्या खाली सुरू होतं, आणि तिथून जितकं खाली जावं तितकी केबिन आवाज वाढवत नेते. अगदी घट्ट बंद केबिनमध्ये सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत. बंद डब्याचा आवाज नेमका त्याच वेगाने खाली उतरत जातो. एक उतरतो, दुसरी उचलते. दारांच्या फटींतून थोडं निसटतं, पत्राही थोडं खातो, पण तरी लहान केबिन आणि बंद डबा यांची जोडी जमते. मोठ्या खोलीत जो लहान डबा पोकळ वाटेल, तो पिकअपमध्ये भरल्यासारखा वाजतो. लहान केबिन ही अडचण आहे असं मी तोवर समजत होतो.

आता जागा. माझ्या सीटमागे काहीही ठेवायचं नाही हे पक्कं. राहिली ती शेजारच्या दुहेरी सीटच्या मागची जागा. तिथेही जॅक आणि त्याचा दांडा असतो. तो मी काढून हौद्यात टाकायला निघालो होतो, पण रात्री अडीचला पावसात भरलेल्या गाडीचं चाक बसलं तर जॅक भाजीखाली असून चालणार नाही. म्हणून जॅकला दाराच्या बाजूला वीतभर जागा सोडली.

सीटची पाठ वर जाताना मागे झुकते. त्यामुळे तिच्यामागची जागा खाली रुंद आणि वर अरुंद, पाचरीसारखी. फ्रिजचं खोकं आणलं आणि पुठ्ठ्याचा डबा केला. पहिला बसला नाही. दुसरा बसला पण सीटची पाठ त्याला टेकत होती; वूफर पुढे तोंड करून बसणार, तर कोन हलायला आणि सीटचा फोम त्याला लागू नये म्हणून तीन सेंमी मोकळे हवेत. तिसरा बसला. तो पुठ्ठ्याचा डबा ठेवून मी दोन फेऱ्या बेळगावला मारल्या. हमाल शेजारी बसला, सीट मागे-पुढे केली, जॅक काढून पाहिला. मग मापं कायम केली: रुंदी ६० सेंमी, उंची ३६, खालची खोली १८, वरची १२.

आतल्या हवेचा हिशेब असा. प्लाय १८ मिमीचा, म्हणजे प्रत्येक मापातून दोन्ही बाजूंचे मिळून ३.६ सेंमी गेले. आतली रुंदी ५६.४, उंची ३२.४, आणि खोलीची सरासरी १५ वजा ३.६ म्हणजे ११.४. तिन्हींचा गुणाकार सुमारे २०,८०० घनसेंमी, म्हणजे जवळपास २१ लिटर. त्यातून वूफरच्या पाठीची आणि आतल्या आधाराच्या पट्टीची जागा वजा केली की १९ लिटर उरले. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, तेव्हा हे झालं पाऊण घनफुटाला थोडं कमी. कमी खोलीचे दहा इंची वूफर मिळतात, चुंबक चपटं असलेले. मी घेतलेल्याच्या कागदावर बंद डब्यासाठी मागितलेली हवा याच आवाक्यात होती. आधी वूफर घेऊन मग जागा शोधू नये. आधी जागा मोजावी, तिच्यात किती लिटर बसतात ते काढावं आणि मग तेवढ्या हवेत समाधानी असणारा वूफर शोधावा. डबा पाच लिटरने लहान झाला तर आवाज घुसमटतो, आणि मग कितीही पॉवर दिली तरी तो मोकळा होत नाही.

लाकूडकामाला मी वाड्यावरच्या मेस्तांकडे गेलो. आमच्या घराच्या खिडक्या त्यांनीच केल्या. प्लाय मरीन घेतला, आयएस ७१० असा शिक्का पाहून. महाग पडतो, पण एमडीएफचा भुसा हातात घेतल्यावर पैशांचा विचार मनात आला नाही. मेस्तांनी पुठ्ठ्याचा डबा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्यात काय ठेवणार?"

"हवा," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. म्हणाले, "मग सांधा पाण्याच्या पिंपासारखा करायला हवा."

पुढची फळी तिरकी असल्यामुळे वरच्या आणि खालच्या फळीची पुढची कड साडेनऊ अंशांनी तासावी लागते. ती सरळ ठेवली तर सांध्यात फट राहते आणि ती पुट्टीने भरली तरी थरथरीने सुटते. मेस्तांनी पुठ्ठ्याच्या बाजूचा कोन फळीवर आखून घेतला आणि रंध्याने कड उतरवली. चार वेळा लावून पाहिली, प्रत्येक वेळी एक पातळ सालपट. शेवटी फळी फळीवर बसली तेव्हा सांध्यात पोस्टकार्ड जाईना. मग पाण्यात न सुटणारा फेविकॉल, दर दहा सेंमीवर स्क्रू, स्क्रूला आधी बारीक भोक म्हणजे प्लाय फाटत नाही. आत मध्यभागी पुढच्या आणि मागच्या फळीला जोडणारी पट्टी, नाहीतर मोठी फळी स्वतःच वाजते. सगळ्या सांध्यांना आतून सिलिकॉन. सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन दिवस, वूफर बसवला नाही. तो वास वूफरच्या भागांना बरा नसतो. बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात आणि त्यावर रेक्झिन. दुकानातल्या डब्यांवर काळं कार्पेट असतं, पण आमच्या हवेत ते पावसाळाभर कुबट राहतं.

वूफरचं भोक जिगसॉने कापलं, कागदी साच्यावरून. कापलेली कड उघडी ठेवू नये, तिलाही रंग द्यावा. ओलावा शिरतो तो तिथूनच.

डबा हवाबंद झाला का, हे पाहायची पद्धत मला इतकी आवडली की ती सविस्तर सांगतो. वूफर स्क्रूंनी आवळून बसवला, खाली फोमची गोल पट्टी. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी अगदी हळू आत दाबला आणि सोडला. डबा घट्ट असेल तर कोन सावकाश, जड होऊन परत येतो. माझा पटकन आला. म्हणजे कुठेतरी गळत होतं. मग संध्याकाळी पडवीत पंखा बंद करून, ॲम्प जुन्या बॅटरीवर जोडून ३० हर्ट्झचा स्वर हलका लावला आणि देवापुढची उदबत्ती घेऊन एकेका सांध्यावरून फिरवली. धूर सरळ वर जात होता. खालची कड, सरळ. डावी, सरळ. मागे जिथे स्पीकरच्या वायरीची जोडणी बसवली होती, तिथे पोचलो आणि धुराची रेघ थरथरली. आत ओढली जायची, बाहेर फेकली जायची, नाडीसारखी. बायको तुळशीला दिवा लावून आत येत होती, तीही थांबून बघत राहिली. जोडणीखाली रबर घालून पुन्हा सिलिकॉन लावलं. दुसऱ्या दिवशी धूर हलला नाही. उशीत भरतात तो फायबरचा कापूस डब्यात सैलसर भरला, त्याने आतली हवा थोडी जास्त असल्यासारखी वागते.

केबिनचा मागचा पत्राही तसाच सोडला नाही. आधी काचेचं रबर बदललं, कारण पाणी येत असेल तर बाकी सगळं व्यर्थ. मग पत्रा स्वच्छ पुसून त्यावर दोन मिमीच्या ब्यूटाइल रबराच्या चिकट शीट लावल्या आणि लाटण्याने दाबून बसवल्या. आधी पत्र्यावर बोटाने टिचकी मारली की डब्याच्या झाकणासारखा टण्ण वाजायचा. नंतर मारली, ठप्प. लाकडी दारावर मारल्यासारखी.

डबा भरल्यावर पंधरा किलोच्या आसपास गेला. घाटात समोरून म्हैस आली आणि ब्रेक दाबला तर एवढं वजन पाठीवर येता कामा नये. लोखंडी कोन आणि ८ मिमीचे बोल्ट लावून तो तळाच्या पत्र्याला आवळला. भोक पाडायच्या आधी गाडीखाली झोपून तिथून डिझेलची किंवा ब्रेकची नळी जात नाही ना, ते बघितलं. सीटबेल्टचा बोल्ट जवळच होता आणि त्यालाच पट्टी अडकवायचा मोह होतो. त्याला हात लावू नये. तो बोल्ट माणसासाठी आहे.

वायरिंग सुरू करताना बॅटरीचं उणं टोक आधी सोडवलं. ॲम्प एकच चॅनेलचा, २ ओहमला ३०० वॉट देणारा. वूफर २५० वॉट सलग घेणारा, दोन कॉइलींचा, ४-४ ओहमच्या, त्या समांतर जोडून २ ओहम. खोक्यावर मोठ्या अक्षरांत हजार-दीड हजार वॉट छापलेले असतात, त्यांना अर्थ नाही. आरएमएस, म्हणजे सलग पॉवर, असं लिहिलेला आकडा तेवढा पाहायचा. ३०० वॉटला बॅटरीतून तीस अँपिअरपर्यंत ओढलं जातं, म्हणून ८ गेजची निखळ तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभरावर. ॲम्प सीटखाली, पण जमिनीवर नाही. प्लायच्या तुकड्यावर तीन सेंमी उचलून, म्हणजे पायाचं पाणी त्याच्याखालून वाहून जातं आणि हवाही खेळते. बॅटरीची वायर डाव्या बाजूने, टेपकडून गाणं आणणाऱ्या आरसीए वायरी उजव्या बाजूने, म्हणजे एकीचा गोंगाट दुसरीत शिरत नाही.

तरी पहिल्यांदा चालू केलं तेव्हा इंजिनाच्या आवाजाबरोबर स्पीकरमधून एक बारीक शिट्टी यायला लागली. रेस दिली की शिट्टी वर चढायची. ॲम्पचं अर्थिंग मी सीटच्या बोल्टला दिलं होतं आणि त्या बोल्टखाली रंग होता. जवळच तळाच्या पत्र्यावर रुपयाएवढी जागा पॉलिशपेपरने घासली, पत्रा आरशासारखा चकचकीत होईपर्यंत, दात असलेला वॉशर घालून वायरीच्या टोकाचा लग आवळला आणि वरून ग्रीस फासलं. शिट्टी गेली. ग्रीस विसरू नका, आमच्या खाऱ्या, दमट हवेत उघडा पत्रा एका पावसात तांबडा होतो आणि शिट्टी परत येते.

ॲम्पचा गेन, म्हणजे टेपकडून आलेला आवाज ॲम्पने किती पट वाढवायचा ते, मी कानाने लावला नाही. वूफर सोडवून ठेवला, टेपचा आवाज पाऊण ठेवला, ५० हर्ट्झचा स्वर लावला आणि ॲम्पच्या टोकांवर मल्टीमीटर धरला. २ ओहमला २०० वॉट म्हणजे २० व्होल्ट, २५० म्हणजे साडेबावीसच्या आत. मी वीसवर थांबलो. गेनचं बटण हे आवाजाचं बटण नव्हे. ते जास्त फिरवलं की आवाजाच्या लाटेचे माथे कापले जातात, आणि वूफर जळतात ते बहुतेक असेच.

शेवटचं काम कानाचं. त्यासाठी काकांना गाडीत बसवलं. पुतण्याने आधीच्या वर्षी आमच्या घरच्या चवथीच्या आरतीचं चांगल्या रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग केलं होतं, त्यात घुमट काकांचाच, समेळ हा ढोल आणि कासाळी ही झांज वाड्यावरच्या मुलांची. ते लावलं. मी ॲम्पवरचा फिल्टर १२० हर्ट्झवर ठेवला होता, म्हणजे त्याच्या खालचे स्वर तेवढे वूफरकडे जात. मला ते भरगच्च वाटत होतं. काकांनी अर्धी आरती ऐकली आणि मान हलवली.

"थाप मोठी आहे. पण माझा डावा हात कुठे गेला?"

मी पुन्हा ऐकलं. खरंच, तळवा सोडल्यावरचा जो मोकळा आवाज तो सगळ्या थापांत सारखाच बुडाला होता, आणि सगळं माझ्या पाठीमागून येत होतं. फिल्टर १०० वर आणला, मग ८० वर. वूफरने दाबून ठेवलेला वरचा भाग दारातल्या स्पीकरकडे परत गेला. त्या स्पीकरना टेपमधून उलट बाजूने ८० चा फिल्टर लावला, म्हणजे खालच्या स्वरांचा भार त्यांच्यावरून उतरला आणि तेही स्वच्छ वाजू लागले. मग फेजचं बटण: शून्य आणि १८०. एका बाजूला घुमट पातळ, दुसऱ्या बाजूला भरलेला. वूफर आणि दारातले स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलत असले की ही अशी चोरी होते. १८० ठेवलं. आवाज चार घर खाली आणला. आता थाप समोरच्या काचेकडून यायला लागली.

काकांनी डोळे मिटले. त्यांचा डावा तळवा मांडीवर होता. आरतीत जिथे ठेका दुप्पट होतो तिथे तो तळवा आपोआप उठायला-टेकायला लागला, रेकॉर्डिंगमधल्या हाताबरोबर. आरती संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "घाटात ऐकू येईल?"

त्याच रात्री त्यांना घेऊन गेलो. सगळं मिळून पंचवीस हजारांच्या वर खर्च झाला होता, पहिल्या डब्याचे पैसे वेगळे. अंजुण्याच्या धरणापर्यंत आवाज बारीक ठेवला, रात्री घरांजवळून जाताना मी तो नेहमीच बारीक ठेवतो, काचा बंद करून. घाट लागला, धुकं उतरलं, दिव्यांपुढे वीस पावलांवरचं दिसेना. सीट माझी पूर्वीसारखी मागे होती, पाय सरळ. दुसरा गिअर टाकला, इंजिन ओढायला लागलं, आणि त्याच्या खालून पखवाज वर आला, कणकेचा तो जड आवाज, प्रत्येक मात्रेला वेगळा. काका काही बोलले नाहीत. चोर्ल्याला चहाला थांबलो तेव्हा मी इंजिन बंद केलं, टेपही बंद झाला. ते उतरले नाहीत.

"अभंग पुरा होऊ दे," म्हणाले, "मग चहा."

मी चावी पुन्हा फिरवली.